चोच बरी, चारा चुकला: शाळांसाठीच्या फिंच संचाचं परीक्षण

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम जवळ आला की मुंबईत प्रकल्पांचं सामान विकणाऱ्या दुकानांत पुठ्ठ्याच्या खोक्यातले तयार संच दिसू लागतात. ज्वालामुखी, पाणचक्की, फुप्फुसाचा फुगा हे नेहमीचे. त्यांच्याच रांगेत आता पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या चोचींचा संचही मिळतो. खोक्यावर उत्पादकाचं नाव धड वाचता येत नाही, छापील किंमत ५९९ रुपये, घासाघीस केली तर साडेचारशेच्या आसपास सुटतो. दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठासाठी तो घ्यावा का, घेतलाच तर त्यातलं काय ठेवावं आणि काय काढून टाकावं, याचा हा हिशेब.

आधी खोक्यात काय आहे ते पाहू. सहा इंची साधी पक्कड, तेवढाच नोज प्लायर (लांब निमुळत्या टोकाची पक्कड), भुवयांचा चपटा चिमटा, प्लॅस्टिकचा कपडे वाळत घालायचा चिमटा आणि टूथपिकांची डबी ही झाली हत्यारं, म्हणजे चोची. अन्न म्हणून राजमा, तांदूळ, सूर्यफुलाच्या बिया, थर्माकोलचे मणी आणि रबरबँड. शिवाय चार भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, पाच प्लॅस्टिकचे पेले, चार फिंचच्या डोक्यांचे प्लॅस्टिकचे साचे, एक रंगीत तक्ता आणि सूचनांचं कार्ड.

पकडी आणि चोचींची जोडी ही या संचवाल्याची कल्पना नाही. फिंचच्या चोचींची तुलना वेगवेगळ्या पकडींशी करण्याची पद्धत पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट बोमन यांनी १९६०च्या दशकात रूढ केली आणि जगभरच्या शाळांत ती चालते, कारण ती खरोखर काम देते. आखूड, जाड, बुडाशी रुंद चोच म्हणजे फोडायचं हत्यार. लांब निमुळती म्हणजे आत घालून काढायचं. बारीक टोकदार म्हणजे टिपायचं. पकडीत खिळीजवळ ठेवलेल्या वस्तूवर टोकापेक्षा जास्त जोर येतो. भूफिंच, म्हणजे जमिनीवर बिया वेचणारे फिंच, हेही कठीण बी चोचीच्या बुडाशी नेऊनच फोडतात. इथवर हे साम्य पक्कं आहे. पुढे मात्र एक फरक मुलांना सांगावा लागतो, जो कार्डावर नाही: पकडीला जोर हात देतो, पक्ष्याला तो जबड्याचे आणि कवटीवरचे स्नायू देतात. त्यामुळे मोठी चोच एकटी येत नाही, तिच्यासोबत मोठं डोकं आणि मोठे स्नायू येतात. शिवाय पक्ष्याचा वरचा जबडाही कवटीशी हलतो, आपल्यासारखा घट्ट बसलेला नसतो. त्या अर्थानं दोन्ही बाजूंनी उघडणारी पक्कड आपल्या तोंडापेक्षा चोचीच्या जास्त जवळची.

हत्यारांचा दर्जा मध्यम आहे. पकडीची खीळ इतकी घट्ट ठोकलेली असते की आठवीतल्या मुलाला ती एका हातानं उघडता येत नाही आणि मुलं लगेच दोन्ही हात लावतात. तिथेच प्रयोग बिघडतो. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब खिळीवर टाकून पन्नासेक वेळा उघडझाप केली की ती सैल होते. नोज प्लायरची टोकं एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये अर्धा मिलिमीटर फट राहते, त्यामुळे तांदूळ निसटतो. उजेडासमोर धरून फट दिसली तर दुकानातच बदलून घ्यावा. चपटा चिमटा चांगला आहे. कपड्यांच्या चिमट्याची स्प्रिंग तिसऱ्या-चौथ्या तासिकेला उडून जाते, आणि मुळात तो कुठल्या फिंचची चोच आहे हे कार्डही सांगत नाही. तो काढून टाका.

खरी अडचण अन्नात आहे.

राजमा पकडीत धरून पेल्यात टाकायचा, त्याला एक गुण. तांदूळ चिमट्यानं टिपायचा, त्यालाही एक गुण. यात मोजलं जातं ते उचलणं, आणि राजमा कशानंही उचलता येतो. भूफिंचपुढची अडचण उचलण्याची कधीच नव्हती, फोडण्याची होती. बी जमिनीवर समोर पडलेलं असतं, पण कवच फुटत नाही म्हणून ते अन्न नसतं. संचातली एकही वस्तू फोडावी लागत नाही, त्यामुळे जाड चोचीचा उपयोग काय हे शेवटपर्यंत कळत नाही. सूर्यफुलाची बी तेवढी सोलता आली असती, पण कार्डावर तीही अख्खीच पेल्यात टाकायला सांगितली आहे. एका राजम्याच्या वजनात वीस तांदूळ सहज बसतात, तरी दोघांना गुण सारखेच. पोट वजनानं भरतं, नगांनी नाही.

यावर उपाय मुंबईत कुठल्याही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो: गोखरू, म्हणजे आपल्या माळरानावरचा सराटा. डॅफ्नी मेजर या गॅलापागोसमधल्या छोट्या बेटावर फिंचच्या जगण्यामरण्याचा निकाल लावणारी वनस्पती ट्रिब्युलस सिस्टॉइडिस होती. आपला सराटा ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, म्हणजे तिची सख्खी बहीण. दोघींचं फळ पिकून वाळलं की पाच काटेरी तुकड्यांत सुटतं आणि प्रत्येक तुकड्याच्या लाकडासारख्या कवचात काही बारीक बिया बंद असतात. त्या काढायच्या तर तुकडा चिरडावा लागतो किंवा पिळून त्याचा कोपरा तोडावा लागतो. मोठा भूफिंच, जिओस्पायझा मॅग्निरोस्ट्रिस, तो सरळ चिरडतो. मध्यम भूफिंच, जिओस्पायझा फॉर्टिस, टोकानं धरून कोपरा पिळतो, त्याला जास्त वेळ लागतो आणि हाती कमी बिया येतात. लहान भूफिंच, फुलिजिनोसा, या फळाच्या वाटेलाच जात नाही.

विकत घेताना ‘लहान गोखरू, अख्खं’ असं स्पष्ट सांगा. नुसतं गोखरू मागितलं तर चूर्ण पुढे येतं, आणि ‘मोठं गोखरू’ म्हणून जे विकतात ते पेडॅलियम म्युरेक्स ही वेगळीच वनस्पती, तिच्या फळाला असे पाच तुकडे पडत नाहीत. शंभर ग्रॅम एका वर्गाला वर्षभर पुरतं. काटे रबरी चपलेतून आणि सायकलच्या टायरमधून आरपार जातात, तेव्हा ते काठ असलेल्या परातीतच वापरायचं, मुलांच्या पायांत बूट हवेत, आणि फोडताना ठिकऱ्या उडतात म्हणून प्रयोगशाळेतले चष्मे लावायचे.

मधल्या कठीणपणासाठी करडई घ्या. तिचं टरफल चिवट असतं आणि पोपटांच्या खाद्यात ती असतेच, म्हणून पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्याकडे सहज मिळते. सर्वांत बारीक दाणा म्हणून तांदळाऐवजी बाजरी. तांदूळ लांबट असल्यानं नोज प्लायरला आयता सापडतो. बाजरी गोल, मोठ्या पकडीच्या दातांतून निसटते, आणि बारीक बी वेचताना मोठ्या चोचीचा वेळ कसा वाया जातो ते डोळ्यांसमोर दिसतं. राळं किंवा खसखस घेऊ नका, मोजताना शिक्षकांचेच डोळे जातील.

थर्माकोलचे मणी कशासाठी आहेत हे गूढच आहे. रबरबँड म्हणजे अळ्या, पण ते कुठल्याही पकडीच्या दातांत अडकतात आणि मुंबईच्या दमट हवेत एका पावसाळ्यात चिकट होऊन एकमेकांना बिलगतात. वॉर्बलर फिंचची बारीक चोच दाखवायची असेल तर लोकरीच्या धाग्याचे सेंटिमीटरभर तुकडे नारळाच्या काथ्यात विखरून द्या. चिमटा सफाईनं तुकडा काढतो, पक्कड काथ्याचा पुंजका उपटते. निवडुंग फिंच, स्कँडेन्स, याची चोच लांब असते. तो फड्या निवडुंगाच्या जातकुळीतल्या झाडांची फुलं, पराग, मधुरस, फळं आणि बिया खातो. त्याच्यासाठी संचात काहीच नाही. अरुंद परीक्षानळीच्या तळाशी भिजवलेल्या साबुदाण्याचे चार दाणे टाका. नोज प्लायर तिथवर पोचतो, साधी पक्कड नळीच्या तोंडाशीच अडते. नळी प्लॅस्टिकची घ्या. काचेची असेल तर पक्कडवाला ती फोडायचा प्रयत्न करणार, आणि त्याचं अगदीच चूक आहे असंही नाही.

संचातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तो लाकडी ठोकळा आणि टूथपिक. सुतार फिंच, कॅमारिंकस पॅलिडस, काडी किंवा निवडुंगाचा काटा चोचीत धरून सालीच्या फटीतली अळी बाहेर ओढतो. कोरड्या भागात आणि कोरड्या ऋतूत तो हे जास्त करतो, कारण तेव्हा वरवर सापडणारं भक्ष्य कमी असतं. चोच पुरत नाही तिथे वागणूक कामी येते, हा मुद्दा बहुतेक पाठ्यसाहित्यातून गळतो आणि इथे तो आहे, म्हणून शाबासकी. पण भोकं आठ मिलिमीटरची पाडली आहेत. त्यात चिमटा आरामात जातो, मग टूथपिक कोण वापरणार? कोपऱ्यावरच्या सुताराकडून त्याच ठोकळ्यात चार मिलिमीटरची, तिरकी, तीन सेंटिमीटर खोल भोकं पाडून घ्या. काम पाच मिनिटांचं आहे.

आता तक्त्याकडे. चित्र उत्तम आहे: पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्डनं काढलेली, डार्विनच्या प्रवासवर्णनाच्या १८४५च्या आवृत्तीत छापलेली ती प्रसिद्ध चार डोकी. मजकूर मात्र दुरुस्त केल्याशिवाय भिंतीवर लावू नये. ‘डार्विननं बेटांवर चोची पाहिल्या आणि त्याला सिद्धांत सुचला’ असं त्यात आहे. डार्विन तिथे १८३५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाचेक आठवडे होता. गोळा केलेले बरेच फिंच कुठल्या बेटावरचे हे त्यानं नीट लिहूनही ठेवलं नव्हतं. हे वेगवेगळे दिसणारे पक्षी एकमेकांचे जवळचे नातलग आहेत, हे १८३७च्या जानेवारीत लंडनमध्ये गूल्डनं दाखवून दिलं. १८५९च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या डार्विनच्या मुख्य ग्रंथात तर या फिंचना ठळक जागाही नाही. ‘प्रत्येक बेटावर एक वेगळा फिंच’ हेही चूक. मोठ्या बेटांवर अनेक जाती एकत्र राहतात, आणि एकत्र राहतात म्हणूनच त्यांच्यात स्पर्धा होते. ‘१३ जाती’ हा जुना आकडा. आता कोकोस बेटावरचा एक धरून १७ किंवा १८ मानतात. आणि हे खरे फिंच नाहीतच, टॅनेजर कुळातले आहेत. पण तो तपशील तक्त्यावर नसला तरी चालेल.

प्लॅस्टिकची चार डोकी दिसायला छान, उपयोगाला शून्य. चारही एकाच मापाची आहेत. खरा मोठा भूफिंच चोचीपासून शेपटीपर्यंत १६ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या चिमणीएवढा किंवा जरा मोठा, आणि वॉर्बलर फिंच जेमतेम १० सेंटिमीटर. सगळी डोकी सारखी केल्यावर मोजायचं काय? चोचीची खोली नाकपुडीच्या रेषेत, वरून खाली, कॅलिपरनं मोजतात. या साच्यांवर नाकपुडीची खूणही नाही.

इथवरच्या चुका पैसे आणि थोडी मेहनत घालून सुटतात. कार्डावरचं एक वाक्य मात्र सरळ खोडायला हवं: ‘दुष्काळात फिंचनी आपली चोच मोठी करून घेतली.’ एकाही फिंचनं असं काही केलं नाही. प्रौढ पक्ष्याची चोच अन्न पाहून जाड होत नाही. ज्यांची आधीच थोडी जाड होती ते जास्त संख्येनं उरले, आणि चोचीचं माप आईबापांकडून पिल्लांकडे जातं म्हणून पुढची पिढी जाड चोचीची निघाली. दहावीच्या पाठात लॅमार्क (वापरानं अवयव बदलतो आणि तो बदल पिल्लांत उतरतो असं मानणारा) आणि डार्विन शेजारीशेजारी आहेत. मुलांचा सगळ्यांत जास्त गोंधळ तिथेच होतो, आणि हा संच पैसे घेऊन तो गोंधळ वाढवतो.

आणि हीच चूक संचाच्या रचनेतही आहे. प्रत्येक हत्याराला त्याचं त्याचं अन्न वेगळ्या पेल्यात दिलं जातं, पक्कडवाल्याला राजमा, चिमटेवाल्याला तांदूळ. सगळे जिंकतात, कोणी मरत नाही. ज्यानं चोच दिली तो चाराही देईल, अशी ही मांडणी. डॅफ्नी मेजरवर १९७७ साली असं काही झालं नाही. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ दांपत्य १९७३पासून तिथे काम करत होतं. बेट अर्धा चौरस किलोमीटरही नाही. पक्ष्यांच्या पायांत कडी घालायची, चोच मोजायची, कोण जगला आणि कोण मेला ते वर्षानुवर्षं लिहायचं, असं हे काम. त्या वर्षी पावसाळ्यात जेमतेम २४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत जुलैची एखादी दुपारची सर तेवढी असते. बारीक, मऊ बिया आधी संपल्या, उरलं ते ट्रिब्युलसचं फळ आणि तसल्याच कठीण बिया. फॉर्टिसची संख्या १२०० च्या आसपास होती, ती १८० च्या आसपास आली. जे उरले त्यांच्या चोचीची सरासरी खोली मेलेल्यांपेक्षा फार नाही, सुमारे अर्ध्या मिलिमीटरनं जास्त होती. चांगल्या दिवसांत मात्र सगळेच मऊ बिया खातात आणि चोचीचा फरक जवळपास जाणवतच नाही. चोचीचा कस लागतो तो टंचाईत.

तेव्हा संचातून टंचाई दिसली पाहिजे, आणि फरक एका जातीच्या आतला दिसला पाहिजे. पक्कड विरुद्ध चिमटा हा दोन जातींमधला फरक झाला. १९७७चा निकाल एकाच जातीतल्या जाड्या आणि बारक्या चोचींमधला होता. त्यासाठी नागदेवी स्ट्रीटवर जाऊन एकाच घाटाचे नोज प्लायर तीन मापांत घ्यावेत: साडेचार इंची, सहा इंची आणि आठ इंची. संचातला सहा इंची बरा निघाला तर दोनच लागतील. फार महागडे नकोत, पण टोकं जुळणारे आणि खीळ सैल असलेले हवेत. प्रत्येकाच्या मुठीवर रंगीत टेपची खूण करा आणि नियम ठेवा: एकच हात, आणि टेपच्या मागे बोटं न्यायची नाहीत. हा नियम नसेल तर वर्गातला सर्वांत दणकट मुलगा साडेचार इंचीनं गोखरू फोडून दाखवतो आणि प्रयोग त्याच्या मनगटाचा होतो.

एका गटात तीन मुलं, प्रत्येकाच्या हातात एक माप. परातीत कोरडी रेती सेंटिमीटरभर पसरा. पहिल्या फेरीत तीनशे दाणे बाजरी, म्हणजे सपाट चमच्याला थोडी कमी, साठ करडई आणि गोखरूचे वीस तुकडे. वेळ ३० सेकंद. कार्डावरचा एक मिनिट जास्त होतो, परात रिकामी होते आणि टंचाई कधी सुरू झाली तेच कळत नाही. बाजरीला १ गुण, करडई सोलून पेल्यात टाकली तर २, गोखरू फोडून आतली एक तरी बी त्याच पकडीनं पेल्यात आणली तर ४. गोखरूचे गुण यापेक्षा वाढवू नका. दहा ठेवले तर आठ इंचीवाला पहिल्याच फेरीत सगळ्यांच्या पुढे जातो आणि पुढच्या फेऱ्यांत दाखवण्यासारखं काही उरत नाही. फोडलेल्या कवचाला गुण देऊ नका, बी पेल्यात आलीच पाहिजे. पक्ष्याचं पोट कवच फोडल्यानं भरत नाही.

आठ गुणांच्या खाली राहिला तो मेला. पहिल्या फेरीत तिघंही पार व्हायला हवेत. होत नसतील तर उंबरठा सहावर आणा. मुलांचं वय आणि पकडींचा सैलपणा यांवर हा आकडा हलतो, म्हणून आधी एक कोरी फेरी खेळून घ्यावी.

दुसऱ्या फेरीआधी परातीत नवं काही घालायचं नाही. उलट उरलेल्या बाजरीतली तीन चतुर्थांश चाळून काढायची. तिसऱ्या फेरीत बाजरी पाच दाणे, करडई दहा आणि गोखरू पुन्हा वीस. इथे साडेचार इंचीवाला बहुतेक वेळा अडकतो: त्याच्या वाट्याची बाजरी संपलेली असते, करडईसाठी तिघांची झोंबाझोंबी होते आणि गोखरू त्याच्या हातून फुटत नाही. सहा इंचीवाला कधी तरतो, कधी नाही. हे ‘कधी तरतो’ महत्त्वाचं आहे, ते झाकू नका. सात-आठ गटांचे आकडे फळ्यावर एकत्र मांडले की निवड वैयक्तिक नशिबातून नाही, सरासरीतून दिसते. एकाच गटावर प्रयोग दाखवून थांबलं तर उलटा निकाल लागण्याचा धोका आहे.

पुढची पायरी संचात मुळीच नाही, आणि ती घातल्याशिवाय उत्क्रांती झाली असं म्हणता येत नाही. उरलेल्या पकडींच्या जोड्या लावा, प्रत्येक जोडीला दोन पिल्लं, आणि पिल्लाला आईबापांच्या मापांच्या सरासरीजवळची पक्कड. फेरी आधीच्या आणि नंतरच्या वर्गाची सरासरी काढा. दोन ओळींचं गणित आहे, पण ‘जगले’ आणि ‘बदलले’ यांतला फरक त्यातूनच कळतो.

वेळ उरला तर चौथी फेरी उलटी खेळा. १९८२-८३च्या एल निनोत (पॅसिफिकचं पाणी तापतं आणि तिथे पाऊस वाढतो) त्याच बेटावर १३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, वेली माजल्या, ट्रिब्युलस त्यांच्याखाली दबला आणि बारीक बियांचा सुकाळ झाला. त्यानंतरच्या कोरड्या काळात लहान चोचीचे फॉर्टिस वरचढ ठरले. परातीत बाजरी पाचशे दाणे, गोखरू दोनच, ते रेतीत पुरलेले, आणि उंबरठा दहा. आठ इंचीवाल्याची फजिती बघण्यासारखी असते. ‘मोठी चोच म्हणजे प्रगत चोच’ असा जो समज तिसऱ्या फेरीनंतर वर्गात हमखास तयार होतो, तो इथे मोडतो.

नववी-दहावीच्या हुशार गटासाठी आणखी एक फेरी: संचातली मूळ साधी पक्कड मॅग्निरोस्ट्रिस म्हणून परातीत उतरवा. १९८२च्या सुमारास हा मोठा भूफिंच डॅफ्नीवर घरटी करू लागला आणि हळूहळू त्याची संख्या वाढली. २००३-०४चा दुष्काळ आला तेव्हा गोखरूसारखी फळं त्यानंच फस्त केली. या वेळी जाड चोचीचे फॉर्टिस जास्त मेले, लहान चोचीचे उरले आणि सरासरी खाली आली. १९७७च्या दुष्काळानं चोच वाढवली होती, या दुष्काळानं ती घटवली. दोन्हींमध्ये फरक एवढाच की वाटेकरी आला होता. पुढे २०१६ साली या बदलाशी एचएमजीए-२ या जनुकाचा संबंध दाखवण्यात आला. तेवढा उल्लेख पुरे, जनुकांची यादी फळ्यावर नको.

काही शाळा या संचाऐवजी मुंबईतल्याच पक्ष्यांचा तक्ता लावतात: शिवडीचे फ्लेमिंगो, शिंजीर, तांबट, खंड्या, मुनिया. निरीक्षणासाठी तो उत्तमच आहे, मुलं ते पक्षी खरोखर पाहू शकतात. पण फिंचच्या जागी तो चालत नाही. फ्लेमिंगोची गाळणीची चोच आणि शिंजीराची वाकडी सुई यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे. त्यातून ‘ज्याची त्याची चोच’ एवढंच कळतं, बदल कसा होतो ते नाही. फिंच मोलाचे ठरतात ते सख्खे नातलग असल्यामुळे. बहुधा वीस-तीस लाख वर्षांपूर्वी मुख्य भूमीवरून हजारेक किलोमीटर समुद्र ओलांडून आलेल्या एकाच वंशाचे हे सगळे वारस. दोन्ही तक्ते लावा, पण वेगवेगळ्या भिंतींवर. प्रयोगासाठी जिवंत पक्षी आणायची हौस मात्र कोणी करू नये. आपल्याकडचे रानपक्षी पकडणं, विकणं, पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यात तयार खाद्य खाणाऱ्या परदेशी फिंचकडून टंचाईबद्दल काही शिकताही येत नाही.

घ्यावा का? पाचवी-सहावीच्या मुलांना तासभर गुंतवायचं असेल तर आहे तसा चालेल, फक्त कार्डावरचं ते वाक्य काळ्या शाईनं खोडून. दहावीसाठी हे खोकं घेऊ नये. तीन पकडी, चिमटा, परात, करडई, बाजरी आणि गोखरू एवढं सामान सुटं घेतलं तर खर्च याच्याच आसपास जातो आणि पकडी दहा वर्षं टिकतात. संच आधीच घेतला असेल तर चपटा चिमटा, साधी पक्कड, बरा निघाला तर नोज प्लायर, ठोकळा, टूथपिकं, पेले आणि गूल्डचं चित्र ठेवा, बाकीचं सामान चित्रकलेच्या तासाला द्या.

साठवणीबद्दल थोडं. पकडी जूनच्या आधी तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवाव्यात, नाहीतर ऑगस्टपर्यंत खिळीवर गंज चढून त्या पुन्हा घट्ट होतात. बाजरी आणि करडई दर वर्षी नवी आणा. जुन्या बाजरीत किडे पडतात आणि पोकळ दाणा पकडीत चुरा होतो. गोखरू मात्र बरणीत वर्षानुवर्षं टिकतं. प्रयोगाआधी आणि नंतर त्याचे तुकडे मोजा, फुटलेले धरून. परात झाडून आलेला कचरा शाळेच्या मैदानात टाकू नका. एखादाही अखंड तुकडा मातीत गेला तर पहिल्या पावसात सराटा उगवतो आणि दिवाळीनंतर खो-खोच्या मुलींच्या तळपायात काटे निघतात. कचरा कागदात बांधून सुक्या कचऱ्यात द्या आणि पुडीवर ‘काटे’ असं लिहा.